गाजरांचं क्वालिटी कंट्रोल

३ फेब्रुवारी
रिटायर होऊन दुसरा आठवडा. बायकोने आज घरामागचा, भिंतीकडचा वाफा माझ्या ताब्यात दिला. स्वतःहून. म्हणजे बाग एकटीला झेपत नाही हे अखेर कबूल केलं म्हणायचं. काल मी तिला कांदा एकसारख्या जाडीचा कसा चिरायचा ते दाखवलं, डब्यांवर लेबलं लावली, गॅसची ज्योत किती ठेवायची तेही सांगितलं. त्याचा परिणाम असणार. पाईपच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल मी सांभाळलंय. वाकडा पाईप माझ्या नजरेखालून सुटला नाही, तर भाजी काय सुटणार?

४ फेब्रुवारी
गाजरं लावायचं ठरवलं. बायको म्हणाली, पालक लावा, सोपा असतो. मला सोपं सुचवते! तिच्या स्वतःच्या वाफ्यांत नुसता आनंदीआनंद. टोमॅटोच्या पायाशी कांदा, कांद्याला खेटून झेंडू. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणे त्यांचं एकमेकांशी जमतं. झाडांचं जमतं! मी सुतळी ताणून सरळ ओळी आखल्या. संध्याकाळपर्यंत कंबर धरली.

२० फेब्रुवारी, सकाळ
उगवलं! पण माल दोन प्रकारचा. काही रोपं रुंद पानांची, दणकट. बाकीची दोऱ्यासारखी, मरतुकडी. दणकट पास, मरतुकडी रिजेक्ट. सगळी उपटून फेकली. बायको पलीकडे टोमॅटोला काठ्या बांधत होती. तिथून ओरडली, अहो, काय उपटताय? म्हटलं, रिजेक्शन. जवळ आली, उपटलेल्या ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक अक्षर न बोलता गेली. बोलती बंद.

५ मार्च
हातांना खाज. हिने आणलेला नवा साबण. बायको म्हणते हातमोजे घाला. मी काय ऑपरेशन करतोय?

१४ मार्च
साडूचा फोन. म्हणजे फोन हिलाच, मला फक्त ‘काय म्हणताय’. या गृहस्थाला जगातलं सगळं येतं. कोबीचे फोटो पाठवतो, जणू काय नातू झालाय. बायको त्याच्याशी शेणखतावर अर्धा तास बोलली. माझ्याशी ती अर्धा तास शेवटचं कशावर बोलली, आठवत नाही.

तीच गोष्ट कौतुकाची. काकडीला ‘छान’ म्हणते. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, वेलापाशी उभी राहून म्हणत होती. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या एखाद्या कामाला ‘छान’ म्हणाली असेल तर शपथ. असं नाही की मला त्याची गरज आहे. पण एकदा म्हणायला काय जातं?

ठरलं. मेच्या पहिल्या रविवारी साडू आणि मेव्हणीला जेवायला बोलवायचं. सगळ्यांसमोर गाजर उपटायचं. ‘छान’ काढून घेतो की नाही बघा.

२९ मार्च
ताज्या भाजीचं हे खूळ कुणी काढलं कोण जाणे. बायको बागेतून पालक आणते, तासाभरात शिजवते, आणि पहिला घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघत बसते. फरक कळतो का? मी म्हटलं, बाजारातली भाजीही याच पोटात जाते. तीनदा वाढून घेतली, पण ती वाया जाऊ नये म्हणून.

६ एप्रिल
झाडं माझ्या कंबरेला लागली! साडूची गाजरं घोट्याच्या जेमतेम वर असतात, त्याने स्वतः सांगितलंय. वर एवढं, तर खाली काय असेल!

बारीक पांढरी फुलंही येताहेत. सकाळी दिसतात, दुपारची झोप काढून यावं तर गायब. चिमण्यांवर संशय आहे. बायकोला विचारलं. म्हणाली, चिमण्याच असतील. बुजगावणं करायला घेतलं. त्याचा दुसरा हात राहिला.

१७ एप्रिल
पुरळ कोपरापर्यंत. डॉक्टर विचारतात, कसल्या झाडापाल्यात हात घालता का? म्हटलं, साबण. मलम दिलं. हल्लीच्या डॉक्टरांना साधा साबण कळत नाही. बायको आज स्वतः मलम लावून द्यायला बसली. म्हणाली, त्या वाफ्याला थोडे दिवस हात लावू नका. म्हटलं, काय बोलतेस, ऐन वेळेला? मलम मात्र हळू लावते, हे मान्य केलं पाहिजे.

३ मे, रविवार
लिहायचं नव्हतं.

सगळ्यांना वाफ्यापाशी रांगेत उभं केलं. छोटंसं भाषण झालं. मग सगळ्यात उंच झाड निवडलं आणि खेचलं. खाली पांढरट, फाटे फुटलेलं मूळ, पेन्सिलीएवढं. दुसरं खेचलं. तेच. पाच-सहा झाडं उपटली. साडू हसेल म्हणून वाट बघत होतो, तर तो खाली बसला, माती चिमटीत घेतली आणि म्हणाला, जमीनच कडक असेल हो. हसला असता तर बरं झालं असतं. मीही म्हटलं, माती निकृष्ट. मेव्हणी पदर तोंडाला लावून आत पळाली.

मी नळावर हात धूत होतो. स्वयंपाकघराची खिडकी वरच आहे. मेव्हणी म्हणत होती, अगं ताई, ते तण आहे हे तुला पहिल्यापासून माहीत होतं? ही म्हणाली, हो, गाजरं तर यांनी फेब्रुवारीतच उपटून टाकली. फुलं रोज मीच खुडत होते, माझ्या वाफ्यांत बी उडायला नको. मेव्हणीने विचारलं, मग सांगितलं का नाहीस? त्यावर ही म्हणाली, सांगितलं असतं तर परत स्वयंपाकघरात आले असते.

दोघी हसल्या. बायको इतकी हसते हे मी विसरलो होतो.

वाईट वाटलं. खूपच वाटलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. जेवताना साडूने हिच्या पालकाचं कौतुक केलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

४ मे
उठलो तेव्हा वाफा साफ होता. बायकोने हातमोजे घालून सगळं तण पहाटेच काढून टाकलं होतं. ठरवलं, आज तिच्याशी बोलायचं नाही.

चहाबरोबर तिने एक बियांचं पाकीट समोर ठेवलं. ॲस्परॅगस, कसलीशी परदेशी भाजी. म्हणाली, हे लावा, हे तुम्हाला जमेल.

‘तुम्हाला जमेल’ असं ती आजवर म्हणाली नव्हती. राग अर्धा तिथेच गेला. चहा संपवला, चष्मा शोधला आणि पाकिटामागची सूचना वाचली.

पहिलं पीक तिसऱ्या वर्षी.