आईचं गाणं आणि कागदाची गोळी

प्रिय बाबा,

काल चामोर्शीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून मी आईचा आवाज ऐकला. तिला जाऊन चौदा वर्षं झाली, तुम्हाला जाऊन येत्या पौर्णिमेला वर्ष होईल. रडायला येईल असं वाटलं होतं, पण आधी पोट भरल्यासारखं बरं वाटलं. मग तुमची आठवण आली आणि मला तिथं बसवेना. म्हणून हे पत्र. शाळेतली भाषा लिहायचा विचार हाये, पण मधेमधे आपली येईनच, तुम्ही काही हसू नका.

तुम्हाला त्या गाण्याचे दिवस आठवतात का? जिल्ह्यात दारूबंदी नवी नवी लागली होती. तुमचं कॅसेटचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी घेऊन यायचे, तुम्ही डबल डेकवर भरून द्यायचे. नाटकाची गाणी, लग्नाची गाणी. आणि मग एकाएकी सगळ्यांना एकच गाणं पाहिजे झालं, आईच्या बचत गटातल्या बायांनी म्हटलेलं, दारूवरचं.

लग्नात बाया नवऱ्याचं नाव घेतात, त्याच चालीवर ते बांधलेलं होतं:

धानाच्या बांधीत पानी, पान्यात कमळाचं फूल,
शामराव पडले नालीत, घरी उपाशी मूल.

शामराव म्हणजे तुम्ही. उपाशी मूल म्हणजे मी, जरी मी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या होत्या. आणि ते गाणं भरलं कोणी? तुम्हीच. दुकानाच्या भिंतींना घरातल्या गोधड्या टांगून, एसटी गेली की बायांना थांबवून, पुन्हा पहिल्यापासून. बाजारात भोंग्यावर ते लागलं की लोक तुमच्या काउंटरसमोर उभे राहून म्हणायचे, "शामरावभाऊ, तुमचंच द्या एक भरून." तुम्ही मान खाली घालून भरायचे. मला तर शाळेत तोंड दाखवायची सोय नव्हती.

दारू तुम्ही त्या गाण्यानं सोडली, असं लोक सांगतात. खोटं आहे. तुम्ही ती तीनदा सोडली. तिसऱ्यांदा सुटली, हे मात्र खरं.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते.

आई गेली त्याला पाच दिवस झाले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. आपला धाकटा सतीश म्हणाला, ताई, आईचं गाणं लाव. तोवर कॅसेटीचा जमाना संपला होता, दुकान बंद झालं होतं, गावातल्या कॅसेटी भंगारात गेल्या होत्या. पण आपल्या घरची एक होती, आईनंच तिच्यावर नाव लिहिलेलं. मी लावली. निघालं काय, तर रेडिओवरची फिल्मी गाणी. मिनिटभर ऐकलं आणि मी टेप बंद केला.

मग सगळ्या पाहुण्यांसमोर मी तुम्हाला बोलले. "तुम्हीच पुसलं. तुमचं नाव होतं नं त्यात, लाज वाटत होती तुमाले." तुम्ही टेपमधून कॅसेट काढली, उलटी करून पाहिली आणि खिशात घातली. एक शब्द बोलले नाही. काऊन नाई बोलले, बाबा? एक शब्द बोलले असते तर तेरा वर्षं वाचली असती.

त्यानंतर मी सणाला यायची, तुम्हाला वाढायची, पण तुमच्याशी मोकळी बोलले नाही. वर तुम्ही बाजाराच्या दिवशी सायकल घेऊन गावोगाव जाऊ लागले. मी सतीशला फोनवर सांगितलं, बाबानं पुन्हा सुरू केली, पुलापलीकडं बंदी नाही, तिथून पिऊन येते. तुमच्या तोंडाला कधी वास नव्हता. तरी मी सांगितलं.

मागच्या आठवड्यात लसीकरणाच्या ड्युटीवर मार्कंड्याच्या वाटेवरच्या एका गावी गेले होते. तिथं यशोदाबाई भेटल्या, आईच्या गटाच्या म्होरक्या. आता काठी घेऊन चालतात. मी शामरावची संगीता म्हटल्यावर त्यांनी मला ओढतच घरात नेलं, तांदळाच्या कोठीत हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कॅसेट काढली. ज्या दिवशी गाणं म्हटलं, त्या दिवशीचीच. घरची आणि बाजारातली सगळी हिच्यावरून भरलेली.

"तुझा बाबा दोनदा आलता हे मांगाले," त्या म्हणाल्या. "तुझी माय गेल्यावर. आजूबाजूच्या साऱ्या गावाईत फिरून राह्यलता सायकलनं."

"मग दिली काऊन नाई, बाई?"

"मले वाटलं, हा आपलं नाव मिटवाले मांगून राह्यला. मी म्हटलं, नाई माझ्यापासी. तो हो म्हनला अन् गेला. पानी बी नाई पेला."

परतीच्या बसमध्ये मी एकच विचार करत होते. ज्या माणसानं गाणं पुसलं, तो ते शोधायला गावोगाव कशाला फिरेल?

घरी येऊन तुमची पत्र्याची पेटी उघडली. तुम्ही गेल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. ती घरची कॅसेट तळाशी होती, रुमालात. मीही तुमच्यासारखंच तिला उलटं करून पाहिलं.

तुम्ही मला लहानपणी शिकवलं होतं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक खुट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. तुम्ही त्या मोडल्याच होत्या. पण कोणीतरी मोडलेल्या खुटीच्या खाचेत कागदाची गोळी कोंबली होती, म्हणजे मशीन फसतं आणि पुन्हा भरता येतं. ही खोडी दुकानदाराच्या घरच्याच पोराला ठाऊक. मी सुईनं गोळी काढली, उलगडली. रेघांचा कागद, निळी शाई, "प्रकाशसंश्ले" एवढं लिहिलेलं. पुढचं फाटलेलं.

अक्षर माझं होतं, बाबा. आठवीच्या विज्ञानाच्या वहीतलं.

रेडिओवरची गाणी मीच भरली होती. तेव्हा आईच्या गाण्याचे दुकानात ढीग लागले होते, त्यातली एक म्हणून मी ती उचलली असणार. मला आजही धड आठवत नाही. पण तुम्ही त्या दिवशी पाहुण्यांसमोर कॅसेट उलटी केली आणि ती गोळी पाहूनच हे माझं काम ओळखलं. म्हणून बोलले नाही. आईचा आवाज मी पुसला, हे मला कळू नये म्हणून तुम्ही तेरा वर्षं माझा अबोला सहन केला. असं कोणी करते का हो? मला सांगायचं होतं. मी रडले असते, भांडले असते, मग आपण दोघं मिळून शोधायला गेलो असतो.

राग आला मला तुमचा, खरंच आला. पण त्याच्याखाली इतकं हलकं वाटत होतं की राग टिकेना. माझ्या बाबानं पुसलं नव्हतं. माझा बाबा प्यायलाही नव्हता.

काल दुकानातल्या पोरीनं ती यशोदाबाईंची कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून दिली. गाणं झालं. मग ती म्हणाली, ताई, दुसरी बाजू कोरी दिसते, तरी बघू. माईक तपासायला तुम्ही आधी दुसरी बाजू वापरायचे, हे मी विसरूनच गेले होते. थोडा वेळ नुसती खरखर. मग आई.

"मी नाई घेत तुमचं नाव. लोक का म्हनतीन?"

आणि तुम्ही, आवाज बसलेला. "म्हनू दे. लगनात घेतलं होतं नं? तसंच घे. दुसऱ्या कोनाचं घेशीन तर भांडन होईन. आपल्या घरची गोष्ट हाये, आपलंच नाव पाह्यजे."

"अन् पोरीले वाईट वाटन तं?"

"मोठी झाली का समजन."

ती दुकानातली पोरगी म्हणाली, दुसऱ्या बाजूला हे बोलणं आहे, अन् गाण्यात एक नाव येते, कापून देऊ का? मी म्हटलं, बिलकुल नाही.

बाबा, येत्या पौर्णिमेला तुमच्या वर्षाच्या दिवशी घर पुन्हा भरेल. सतीश, मावशी, तेच सगळे. मी यशोदाबाईंनाही आणणार आहे. आधी सगळ्यांसमोर सांगेन की गाणं मी पुसलं होतं आणि बाबानं शोधलं होतं. कागद दाखवेन. मग गाणं लावेन, दोन्ही बाजू, तुमच्या नावासकट. आणि लोक नालीतल्या शामरावाला हसले, तर मीही हसेन, तुम्हीच नाव घ्यायला लावलं होतं म्हणून.

समजायला उशीर झाला, पण समजलं.

तुमची,
संगी