मुकादमाच्या गाई आणि माझा सायलेन्सर

११ जानेवारी, शनिवार

गेला! सायलेन्सर गेला! नदीच्या रस्त्याला खड्ड्यात आदळलो, आरशात बघतो तर मागे धुळीत लोळतोय. नेरेइदा हसून हसून दुमडली. "तुझ्या पिकअपनं अंडं घातलं!" म्हणे.

तिचं हसायला काय जातंय. गाडी आता अशी बोंबलते की टेक्सासात चावी फिरवली तर पलीकडे मेक्सिकोत साकातेकासला आईला कळेल, पोरगा निघाला म्हणून. आणि रँचवर परतायचं तर मुकादमाच्या दारावरूनच. मुकादम म्हणजे हिचाच बाप, एलीसेओ. मी कामाला लागलो त्याच दिवशी सगळ्या पोरांना रांगेत उभं करून म्हणाला होता, "गाई पुष्कळ आहेत, पोरगी एकच आहे. गाईंना हात लावायचा तो कामापुरता. पोरीचं नाव काढायचं नाही." त्याला वाटतं शनिवारी ती गावात मावशीकडे असते. कळलं तर काम गेलं, खोली गेली, नेरेइदा गेली.

तिचं आपलं एकच — "बाबांशी बोल." मी म्हणतो, बोलतो की. पुढच्या महिन्यात.

फाटकाच्या अलीकडे इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आणली. एकट्यानं! कंबर गेली.

१३ जानेवारी

कूको म्हणतो, "सरळ पाइप टाक. सायलेन्सर काय म्हाताऱ्या लावतात." कूको माझ्या खोलीतला सोबती. त्याच्या गाडीला नुसता सरळ पाइप आहे. तो चर्चसमोरून गेला की पाद्री प्रार्थना मध्येच थांबवून डोळे मिटून उभा राहतो. लोकांना वाटतं भक्ती!

माझी पंचाईत वेगळी. शनिवारी चौकात फेऱ्या मारताना आवाज पाहिजे. पोरांच्या माना वळल्या पाहिजेत. आणि मुकादमाच्या दारावरून जाताना मांजराची पावलं पाहिजेत. एकाच पाइपातून दोन्ही कसं काढायचं?

१५ जानेवारी

कूकोनं बिअरचे डबे तारेनं बांधून सायलेन्सर बनवून दिला. फाटकापर्यंत टिकला.

१८ जानेवारी, शनिवार

सिल्वानोकाकाच्या सायलेन्सरच्या दुकानात गेलो. दारात त्यांचा तो पुतळा — जुन्या सायलेन्सरचं पोट, पाइपाचे हातपाय, डोक्यावर टोपी. थंडीमुळे यंदा गळ्यात मफलर पण आहे. माझ्यापेक्षा चांगल्या कपड्यात आहे लेकाचा.

"बोल, जगाला राग केवढा दाखवायचाय?" काका म्हणाले.

आधी एक लांब नळकांडं धरलं, आत काचेची लोकर भरलेली. आवाज गोड, पण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की तडतड तडतड — फुटाणे! मग एक चपटा पेटीसारखा लावला. तो पोटातून बोलतो. शेजारी उभा होतो तर आवाज छातीत शिरला. माझं मनच बसलं त्याच्यावर. म्हटलं, हाच!

तेवढ्यात नेरेइदा आली. शेजारच्या टॉर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या दुकानात कामाला आहे ती. कोपरापर्यंत पीठ. भंगाराच्या ढिगात शिरली आणि कडेला गंजलेला एक जुनाट सायलेन्सर ओढत आणला. "काका, हा लावून बघा ना."

लावला. हळू. घरघर. मध्येच एक उचकी. म्हातारं माणूस जेवून झोपावं तसा.

"हा? चौकात पोरं हसतील मला!"

"चौकातली पोरं तुला काम देतात की बाबा देतात?"

काकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मिशी खाजवली आणि मुकाट्यानं गाडीखाली शिरले. खालून त्यांचं पोट हलत होतं. खोकत असतील.

१९ जानेवारी

मुकादमाच्या दारावरून गेलो. पडदासुद्धा हलला नाही! पोरीला अक्कल आहे, मानलं.

कुंपणाशी चार गाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. बघू देत.

२२ जानेवारी, बुधवार

हे काय चाललंय? कूकोला घेऊन कुंपणाच्या तारा ओढायला निघालो, तर सगळा कळप कुंपणाच्या कडेनं आमच्याबरोबर पळतोय! थांबलो की थांबतो. निघालो की निघतो. कूको खिडकीतून अर्धा बाहेर — "काय वचन देऊन बसलायस रे त्यांना?"

आता सगळी पोरं मला नवरदेव म्हणतात.

२५ जानेवारी, शनिवार

मेलो. मेलो. मेलो.

धुतलेला सदरा, केसाला तेल, नेरेइदाला घेतलं आणि नदीकाठच्या आमच्या नेहमीच्या जागी गेलो. पलीकडच्या काठावर रँचचंच कुरण. आम्ही दोन शब्द बोलतोय न बोलतोय तोच पलीकडे धूळ. मग हंबरणं. मग अख्खा कळप काठावर ओळीनं उभा — वासरं पुढं, मोठ्या मागं — आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर!

आणि गाईंच्या मधून वाट काढत, खांद्यावर खुराकाचं रिकामं पोतं टाकून, मुकादम. खुराक टाकत होता म्हणे, तर सगळ्या तोंडचा घास टाकून पळाल्या. कशामागं पळाल्या ते बघायला आला.

बघितलं त्यानं. टोपी मागं सारली. मग नदीच्या पलीकडून ओरडला,

"नेरेइदा! मावशीला माझा नमस्कार सांग!"

२६ जानेवारी, रविवार

पिशवी भरून ठेवली होती. बाहेर आलो तर मुकादम चर्चला जायच्या कपड्यांत माझ्या पिकअपखाली उताणा! नुसते बूट बाहेर. टक् टक् वाजवून बघतोय.

"हा आमच्या गाडीचा आहे," खालूनच म्हणाला.

मग कळलं. रँचची जुनी खुराकाची पिकअप माझ्या गाडीची बहीणच, तीच कंपनी, तेच मॉडेल. मी यायच्या आधी तिचं इंजिन बसलं आणि ती भंगारात गेली. "जन्मल्यापासून गाईंना एवढंच ठाऊक — ही उचकी आली की खुराक आला. नव्या गाडीला भोंगा लावला, शिट्ट्या मारल्या, गाणी म्हटली मी! शेपूट हलत नाही. आणि तुझ्यामागं वरात!" बाहेर आला, कपडे झटकले. "माझी पोर एवढीशी होती तेव्हापासून त्या गाडीच्या मागे बसून खुराक टाकायची."

मी पिशवी पाठीमागं लपवली. त्यानं ती बघितलीच.

"ती आत ठेव. उद्यापासून खुराक तू टाकायचास."

"आणि... शनिवारी?" तोंडातून निसटलंच माझ्या!

त्यानं आधी एकेक बोट पुसलं. "शनिवारी माझ्या दारात. जेवायला. सदरा धुतलेला पाहिजे. आणि दुसरीकडे कुठं गेलास तर मला सांगायची तसदी घेऊ नकोस. गाई सांगतील."

१ फेब्रुवारी, शनिवार

जेवलो. तो फक्त गाईंबद्दल बोलला, पण मटणाचा रस्सा दुसऱ्यांदा त्यानंच वाढला. निघताना नेरेइदा गाडीपर्यंत आली. मला आठवलं, विचारलं — "तू तर त्या गाडीत वाढलीस. दुकानात तो सायलेन्सर वाजला तेव्हा तुला आवाज ओळखू आला नाही?"

"न वाजवताच ओळखला होता," म्हणाली. "तुझ्याच्यानं बाबांशी बोलणं होईना. मग गाईंकडून निरोप धाडला."