आठ तोळ्यांचा मिठू

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या कॉकटील पोपटाने, मिठूने, दोन दिवस दाण्याला चोच लावली नाही. आदिलाबादेत पाखरांचा डॉक्टर कुठला? पिंजरा उचलून सरळ गुरांच्या दवाखान्यात गेले.

"औषध वजनावर द्यायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "आमच्या काट्यावर वासरू चढते, बाई. सोनाराकडून तोलून आणा."

थट्टा वाटली, पण गेले. सोनाराने मिठूला रुमालात गुंडाळून काट्यावर ठेवलं. "काकू, आठ तोळे भरला. घडणावळ नाई घेत तुमच्याकडून!" मी रुमाल सोडवून मिठूला परत पिंजऱ्यात ठेवलं.

आठ तोळे! पिसं, चोच, सकाळचा आरडाओरडा, माझ्यावरचा रुसवा, सगळं धरून?

परतल्यावर डॉक्टरांनी बैलाला लावायची तीच नळी त्या इवल्या छातीला लावली आणि मग माझ्या कानांना लावली. ठोके मोजताच येईनात. शिलाई मशीन भरधाव चालावी तसं आत चाललेलं. आठ तोळ्यांत हे एवढं! आणि मी इतकी वर्षं त्याला फक्त गप्प बस म्हणत आले.

औषधाचा एक थेंब दिला आहे. सकाळपर्यंत दाणा फोडला तर वाचेल, म्हणाले.

आत्ता टक् असा आवाज झाला. खाली पडलेलं टरफल उचलून दिव्याखाली धरलं. रिकामं आहे.