धोंडूदादाची कोयती

सोमवार, फाल्गुन वद्य पंचमी, १९३८

सरकारी रानात भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, झाडांचे टाळ-डहाळे तोडायला जंगल खात्याने घातलेली बंदी मुंबईच्या कायदेमंडळाने रद्द केली. जप्त हत्यारं परत करा, असा आज हुकूम आला. मी रानाचा राखणदार. गेल्या साली शेजारच्या धोंडूदादाची कोयती मीच जप्त केली. नियमच होता. पण नुसतं दटावून सोडता आलं नसतं का?

संध्याकाळी कोयती घेऊन त्याच्या शेतावर गेलो. सगळी वाडी भाताच्या रोपांच्या जागेवर टाळ पसरत होती. पूर्वी या कामाला पहिली हाक मला असायची.

"बंदी उठली, दादा. ही घे."

"ठेव तितं. मी नवी आनलीय." त्याने मान वर केली नाही.

बांधावर ठेवून आलो. गंजू नये म्हणून वर्षभर तिला तेल लावत होतो, ते सांगायचं राहिलंच.