हेइपुआच्या गळ्यातलं हाड

माउताहा,

मी बोटीने आईकडे हानावावेला चालले. नीरफणस भाजून झाकून ठेवलाय. डुकरांना खोबरं घाल.

मला लग्नात तिकीची बोटभर लाकडी मूर्ती, आणि हेइपुआला हाडाचं कोरीव पदक! तू हाड निवडलंस तेव्हाच मला कळलं होतं, ते कुणासाठी आहे. एरवी तुझ्या कोरीवकामाची हाडं उकळून उकळून त्यांतली चरबी मी काढते. हे नुसतं घासून, उन्हात पांढरं करून तुझ्या हातात दिलं. तंबाखूने तुझं नाक कधीच गेलंय, म्हणून निभावलं.

उद्या सणाला ती ते घालून गावासमोर नाचेल. घाम आला की चरबी पाझरेल, आणि गावातली झाडून सगळी कुत्री तिच्या मागे लागतील.

आपल्या कुत्र्याला तेवढं बांधून ठेव. या घरातून तिच्या मागे लागलेला एक पुरे झाला.

ताहिया