शिट्ट्या मोजत बसू नका

अहो,

धाकटीकडे जाऊन येते, दोन वाजतील. कुकरमध्ये सुपासाठी गाजर, भोपळा, मसूर डाळ आणि पाणी घातलंय. शिट्ट्या मोजत बसू नका. वाफेचा फवारा दिसला की गॅस मंद करा आणि घड्याळात दहा मिनिटं बघून बंद करा. झाकण वाफ गेल्यावरच उघडा.

परवाचं सूप करपलं, तेव्हा "शिट्टी झालीच नाही" म्हणालात. मीही शिट्टीलाच नावं ठेवून नवी आणली. जुनी ठणठणीत होती हो. शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून सात मोजल्या होत्या.

संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांकडे दोन नंबर लावलेत. रागावू नका. पहिला माझा आहे, म्हणजे तुम्हाला एकट्याला म्हातारं व्हायला नको.

मी