अकरा नंबरची ओळ

ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,

धाकट्याचा सा. न. तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला, दोघेही जरा वठणीवर आले असतील अशी आशा.

आमच्याकडे सगळे मजेत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. दवाखान्याच्या नळांचं कामही गेलं. हे तिसरं. आणि कामं का जातात ते या वेळी समजलं. सुपरवायझरच्या टेबलावर दादाचं कोटेशन उघडं पडलं होतं, ते मी उभ्या उभ्या वाचलं. ताई, ते माझं होतं गं! चौदाच्या चौदा ओळी, त्याच क्रमाने. ‘जुनी नळी काढून भिंत पूर्ववत करणे’ हे शब्दसुद्धा माझेच, दर तेवढे थोडे खाली. तो सुपरवायझर आपला कागद दादाच्या हातात देतो आणि दादा बसून उतरवून काढतो. दोन दोन दिवस भिंती ठोकून मापं घ्यायची मी, माझं कच्चं वाचून डोळे फोडत पक्की प्रत करायचीस तू, आणि हा शहाणा पंख्याखाली बसून नक्कल करणार. दुकान वेगळं केलं तेव्हा मोठ्या तोंडाने म्हणाला होता की तुझ्याशिवाय माझं काही अडणार नाही. दिसतंय ना किती अडत नाही ते!

आता मी त्याची चांगली जिरवणार आहे. त्याच सुपरवायझरकडे वसतिगृहाचं काम आलंय, वीस न्हाणीघरांत गॅसचे गीझर बसवायचेत. दादा पाण्याच्या नळांचा माणूस, गॅसमधलं त्याला ओ की ठो कळत नाही. सोबत कच्चा कागद पाठवतोय. त्यातली अकरा नंबरची ओळ, म्हणजे जळलेला वायू भिंतीतून बाहेर नेणारा पाइप, मी खोडली आहे. पक्क्या प्रतीत ती घालू नकोस. दादा डोळे मिटून उतरवेल, काम घेईल, फरशा चकचकीत बसवेल. मग गॅस सोडण्याआधी तपासनीस येईल आणि वीसच्या वीस भिंती फोडायला लावेल. सगळ्या गावासमोर नाक कापलं जाईल. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघणार आहे. घाबरू नकोस, तपासल्याशिवाय तिथे गॅस सुरूच होत नाही.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. गुडघा आहे तिथेच आहे, तुझे भाऊजी मात्र खोकत खोकत पत्ते खेळतात. तुझं अक्षर दिवसेंदिवस मुंग्यांच्या रांगेसारखं होत चाललंय. ‘सांधा’ लिहिलंयस की ‘सांडा’, यावर आमची पैज लागली. मी जिंकले.

तुझा कागद वाचला. दोनदा पेन उचललं, दोनदा खाली ठेवलं. मोठी बहीण म्हणून तुला चार शब्द सुनवावेत असं मनात होतं. पण गेल्या खेपेला मी आईला चार दिवस न्यायला आले होते, ते आठवलं. दादा मला दारातच म्हणाला की तुझ्याकडे जिने फार, आई इथेच बरी. आत ये, बस, असंही म्हणाला नाही. जशी काही मी कुणी परकी! त्या दिवशी पाच तास बसमध्ये मी रडत आले, हे तुला कधी सांगितलं नाही.

तर तिसऱ्यांदा पेन उचललं आणि लिहून टाकलं. बाराव्या ओळीला अकरा नंबर दिला, म्हणजे मध्ये काही सुटलंय अशी शंका यायला नको. लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पक्की प्रत सोबत आहे, तुझा कच्चा कागद माझ्याकडेच ठेवते. तेवढं तपासनिसाचं नक्की ना रे? ते तुझ्या भरवशावर.

मुलांना पापे. जेवणाच्या वेळा सांभाळ, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
ताई

ता. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. लागला गळाला! वसतिगृहाचं काम दादाला मिळालं. आज हार्डवेअरच्या दुकानात समोर आला आणि माझ्याकडे न बघता गीझरचा भाव विचारत राहिला. मी खिळे निवडत होतो. हसू आवरेना म्हणून चुकीच्या मापाचे अर्धा किलो घेऊन आलो. भिंती फुटायला लागल्या की तुला सविस्तर लिहितो, तू फक्त तब्येत सांभाळून मजा बघ.

तुझा,
धाकटा

ता. ३ डिसेंबर

ती. ताईस,

दादाचा सा. न. माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. पत्र लिहिणं हा माझा प्रांत नाही, आणि गेल्या वेळी दारात जे झालं त्यानंतर तर तोंडच नव्हतं. तेव्हा हिची माझी कडाक्याची भांडणं चालली होती. तुला घरात घेतलं असतं तर ती तुझ्या कानांवर पडली असती. तरीही चुकलंच माझं.

आणखी एक सांगतो. धाकट्याची कोटेशनं माझ्या हातात येतात. कशी ते विचारू नकोस. अक्षर तुझं असतं. लहानपणी माझी गणितं तू तपासायचीस, तेव्हापासून तू लिहिलेलं मी पुन्हा तपासत नाही, सरळ उतरवतो. धाकट्याला यातलं बोलू नकोस, तो आधीच माझ्यावर डूख धरून आहे.

आता खुशखबर. गॅसचं काम मला नवीन, म्हणून वसतिगृहाआधी हात बसावा या हेतूने पहिला गीझर आईच्या न्हाणीघरात लावतोय. तुझी यादी भिंतीला चिकटवली आहे आणि एकेक ओळ झाली की खूण करतो. आईला गार वारा लागू नये म्हणून खिडकीची फट बुजवली, दाराला खाली रबर लावलं. घरच्या कामाला तपासनीस लागत नाही, सात तारखेला सकाळी गॅसची टाकी मीच जोडतो. आई लहान मुलीसारखी दिवस मोजतेय.

भाऊजींना नमस्कार. राग सोडून एकदा ये.

तुझा,
दादा

तार, ता. ७ डिसेंबर

दादाने आईकडे गीझर लावला. यादी तीच. असशील तसा धाव. ताई

ता. ११ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. आई आहे. आधी एवढंच वाच आणि बस.

तार हातात पडली तशी सायकल काढली. मी पोचलो तेव्हा न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांसकट निखळून पडलं होतं आणि आईला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाहेर बोळात निजवलं होतं. आतून पाणी वाहत आलं, हाका मारल्या तरी ओ येईना, तेव्हा दादाने खांद्याने दार फोडलं. त्या वायूला वास नसतो, ताई. माणूस नुसता पेंगतो. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर संपलं होतं. ती आता आपल्याला ओळखते, पण शब्द विसरते आणि उजवा हात थरथरतो. तो सुधारेल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले.

दादा दवाखान्याच्या जिन्यावर यादी घेऊन बसला होता. सगळ्या ओळींवर खुणा. माझा शर्ट धरून विचारत होता की तुला गॅसचं कळतं, सांग मी कुठे चुकलो. मी म्हणालो, पाइप. त्याने विचारलं, मग यादीत का नाही? मी म्हणालो की ते कुणी लिहीत नाही, काम येणाऱ्याला ते माहीतच असतं. तो जिन्यावरच कपाळ आपटून घेऊ लागला. याच तोंडाची वाट बघत होतो ना मी महिनाभर? मिळालं बघायला.

तू दादाला तार न करता मला का केलीस ते समजलं. मीही तेच केलं असतं. आता एक ऐक, तो कच्चा कागद जाळून टाक. न समजता उतरवलं त्याने, चोरी त्याची, गीझर त्याने लावला. आपण गप्प बसायचं. तुझ्या पाया पडतो.

तुझा,
धाकटा

ता. २ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. तुझं सात पानांचं पत्र मिळालं, सोबत तो कच्चा कागदही. अकरा नंबरवरची काट बघितली. हे वाचून झालं की धाकट्याला पाठव, त्याला वेगळं लिहायची माझी इच्छा नाही.

मी चोरी केली ते कबूल. त्याची शिक्षा मला व्हायला हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. वसतिगृहाचं काम मी सोडलं आणि सुपरवायझरला कारण सांगितलं. पण ताई, सात तारखेची तार धाकट्याकडे गेली. माझ्या दारात आली असती तर मी आईला आत जाऊच दिलं नसतं. तुम्हाला पकडलं जायची भीती वाटली, आणि ती तिकडे पाणी ओतून घेत होती. हे माझ्या घशाखाली उतरत नाही आणि उतरणारही नाही.

आई घरी आली आहे. कप डाव्या हाताने धरते. शब्द अडतात, पण मला बोल लावायचे तेवढे बरोबर सापडतात. दिवसभर मला म्हणते की धाकट्याला विचारलं असतंस तर असं झालं नसतं, त्याचं काम चोख. ताईला विचारलं असतंस तर तिने चूक काढून दिली असती, तिचं लक्ष बारीक. शेजारी आले की त्यांनाही तेच ऐकवते. मी खाली मान घालून ऐकतो.

मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुम्हीही सांगायचं नाही. तुमचं मन हलकं करायला तिला अजून एक धक्का द्याल, तर माझ्याशी गाठ आहे. तुम्ही फक्त यायचं. दर महिन्याचा पहिला रविवार, दोघांनी. तिच्या खाटेशी बसायचं, तिच्या तोंडून आपापलं कौतुक ऐकायचं, ती माझा उद्धार करेल तो ऐकायचा, आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. तो थरथरता हात तुमच्या डोक्यावरून फिरवेल, तोही फिरवू द्यायचा. मी समोरच्या खुर्चीत बसलेला असेन.

बसला पाच तास लागतात, माहीत आहे. चार वाजेपर्यंत पोचा, ती दुपारपासून दाराकडे बघत असते.

दादा